रांगितोतो: लाव्हावरून चालण्याचा एक दिवस

न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या धक्क्यावरून फेरीबोटीने साधारण अर्ध्या तासात रांगितोतो हे ज्वालामुखीचे बेट गाठता येते. शहरातून हा डोंगर कुठूनही पाहिला तरी सारखाच आणि सौम्य उताराचा दिसतो, पण बेटावर पाऊल ठेवताच तो किती खडबडीत आहे हे लक्षात येते. सुमारे ६०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून घडलेले हे बेट ऑकलंड परिसरातील पन्नासेक ज्वालामुखींमध्ये सर्वांत तरुण आणि सर्वांत मोठे आहे.

शिखर २५९ मीटर उंच असून तिथे पोहोचायला तासभर लागतो. चढण फारशी कठीण नाही. दम लागतो तो शेवटच्या टप्प्यात. बहुतेक जण मात्र शिखर गाठून छायाचित्रे काढतात आणि लगेच परततात. माझ्या मते या सहलीतले खरे पाहण्यासारखे वाटेवरच आहे. दोन्ही बाजूंना काळ्या, सच्छिद्र दगडांचे ढीग पसरलेले आहेत, त्यांत माती नावालाही नाही आणि पावसाचे पाणी फटींतून थेट खाली जिरत असल्यामुळे ओढा किंवा झरा कुठेच दिसत नाही. तरीही याच दगडांत मुळे रोवून पोहुतुकावा या स्थानिक वृक्षाचे वन उभे राहिले आहे आणि त्या झाडांच्या सावलीत साचलेल्या पाचोळ्यावर इतर वनस्पतींनी बस्तान बसवले आहे. त्यांतले एक नेचे थांबून पाहावे असे आहे: कोरड्या हवेत त्याची पारदर्शक पाने आक्रसून मलूल होतात आणि पाऊस पडताच पुन्हा उलगडतात.

शिखराच्या अलीकडे लाव्हाच्या गुहांकडे जाणारी वाट फुटते. वाहत्या लाव्हाचे वरचे कवच थिजले आणि आतला रस पुढे वाहून गेला, म्हणून हे बोगदे उरले. विजेरी नसेल तर तिकडे वळण्यात अर्थ नाही. विवराच्या काठावरील फळ्यांच्या मार्गावर दुपारी बरीच गर्दी होते, त्यामुळे सकाळची पहिली बोट पकडणेच शहाणपणाचे.

बोटीत चढण्यापूर्वी बूट घासून स्वच्छ करावे लागतात आणि पिशव्यांत उंदीर, मुंग्या किंवा बिया नाहीत ना, हे तपासावे लागते. काहींना ही कटकट वाटते. मला ती या सहलीची जमेची बाजू वाटली. शेजारच्या मोटुटापू बेटासह हे बेट २०११ साली उपद्रवी प्राण्यांपासून मुक्त जाहीर झाले, आणि ही खबरदारी घेतली नाही तर त्यासाठी घेतलेले सारे कष्ट पाण्यात जातील.

बेटावर दुकान नाही, पिण्याचे पाणी नाही आणि कचऱ्याची पेटीही नाही. काळा दगड उन्हाने चांगलाच तापतो, म्हणून पाणी अंदाजापेक्षा जास्तच घ्यावे आणि जाड तळव्याचे बूट घालावेत. धारदार लाव्हापुढे चपलांचा निभाव लागत नाही. मोटुटापूला जोडणारा बांध ओलांडण्याचा मोह होतो, पण शिखर, गुहा आणि तो बांध हे सारे एका दिवसात उरकू गेल्यास घाईच होते. शेवटची बोट चुकली तर खासगी बोट मागवावी लागते आणि तो खर्च बराच असतो.