सिम्युलेशन स्प्रेडशीटमध्ये करावं की ‘आर’मध्ये?

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी. गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवले आणि ६०च उगवले, तर बियाण्यात खोट आहे की हा नुसता योगायोग? सूत्राच्या वाटेला न जाता हे सिम्युलेशनने, म्हणजे संगणकावर तोच प्रयोग लुटुपुटीने पुन्हा पुन्हा करून, तपासायचं असेल, तर स्प्रेडशीट आणि ‘आर’ (संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा) दोन्ही चालतात. मी दोन्हींवर शिकवलं आहे.

स्प्रेडशीटमध्ये सगळं डोळ्यांसमोर घडतं. एका ओळीत १०० खाने, प्रत्येकात रँड (० ते १ मधला कुठलाही आकडा टाकणारं सूत्र), ०.७ पेक्षा कमी आकडा पडला तर दाणा उगवला. अशा हजार ओळी खाली ओढायच्या आणि किती ओळींत ६० किंवा त्याहून कमी दाणे उगवले ते मोजायचं. कोडची धास्ती असलेल्यांना शून्य गृहीतक, म्हणजे ‘बियाणं ७० टक्क्यांचंच आहे, फरक योगायोगाचा’ असं धरून चालणं, इथे पटकन उमगतं, हे मान्यच.

पण एखाद्या खान्यातलं शीर्षक जरी दुरुस्त केलं, तरी लाखभर आकडे पुन्हा नव्याने पडतात! उत्तर आता दीड टक्का, मघाशी अडीच. ‘हा आकडा बघा’ म्हणेपर्यंत तो बदललेला असतो, आणि वर्गात प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळाच. ही हालचाल हजारच फेऱ्या (म्हणजे ओळी) केल्यामुळे असते. मुलांना मात्र वाटतं, १०० दाणे कमी पडले. फेऱ्यांची संख्या आणि नमुन्याचा आकार यांची गल्लत एकदा झाली की निस्तरताना नाकी नऊ येतात. आकडे गोठवून पेस्ट करता येतात, पण मग ते सिम्युलेशन उरत नाही.

‘आर’मध्ये सगळ्यांनी एकाच आकड्याने सेट-सीड (आकडे कुठून पडायला सुरुवात व्हावी ते ठरवणारी आज्ञा) लिहिलं की सगळ्यांचं उत्तर एकच. फेऱ्या दहा हजार करा, उत्तर दोन टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. मग १०० च्या जागी २० आणि ६० च्या जागी १२ टाका: टक्केवारी तीच, पण असं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे २३ टक्के. स्प्रेडशीटमध्ये यासाठी ८० स्तंभ पुसावे लागतात.

इन्स्टॉल करणं आणि कंसांची कटकट ‘आर’मध्ये आहेच. एखाद्या तासापुरतं दाखवायचं असेल तर स्प्रेडशीट पुरेल, कदाचित जास्त रंगेलही. नमुना लहानमोठा करून पाहायचा असेल, तर मी तरी ‘आर’च उघडतो.