पीएचडीच्या कॉम्प्रिहेन्सिव्हसाठी पैसे देऊन मॉक (सरावाची तोंडी) घेतली, ५ पैकी ३ स्टार

मी इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत (वीज आणि रासायनिक क्रिया यांच्या अभ्यासात) पीएचडी करतेय, दुसरं वर्ष संपत आलंय आणि मागच्या महिन्यात कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली. पास झाले, त्यामुळे आता शांतपणे लिहू शकतेय, आधी लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही थीसिसनंतरची व्हायव्हा नाही. कोर्सवर्क झालं की कमिटीचे तीन-चार प्रोफेसर समोर बसतात, तुम्ही प्रपोजल मांडता आणि मग विषयातलं बीएस्सीपासूनचं काहीही विचारलं जातं. आयआयएससी, आयसर पुणे इथे कॉम्प्रिहेन्सिव्हच म्हणतात, काही ठिकाणी क्वालिफायर म्हणतात. साधारण याच सुमारास जेआरएफचं एसआरएफ (ज्युनियर फेलोशिपची सीनियर) करायचं असतं, म्हणजे महिन्याला ३७,००० चे ४२,०००, त्यामुळे टेन्शन डबल. आईला सांगितलं तोंडी परीक्षा आहे तर म्हणाली अगं मग काय, तोंडीला देतात की मार्क. तिच्या डोक्यात दहावीची तोंडी, बाई वही बघून २० पैकी १८ देऊन टाकायच्या ती.

तर सर्व्हिस. नाव लिहीत नाही कारण रिफंडचं अजून भांडण चालू आहे. २,४९९ रुपयांचं पॅकेज, त्यात एक-एक तासाच्या दोन ऑनलाइन मॉक, दोन्हीचं रेकॉर्डिंग, आणि "हमखास विचारले जाणारे प्रश्न" अशी एक पीडीएफ.

पहिली मॉक खरंच भारी होती. सर स्वतः इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतलेच पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारे), फार बोलणारे नाहीत, माझ्या पीपीटीची दुसरी स्लाइड चालू असतानाच थांबवलं आणि म्हणाले हे सगळं बाजूला ठेवा, ऑनलाइन फळ्यावर फेरोसीनचा सायक्लिक व्होल्टॅमोग्राम काढून दाखवा. म्हणजे फेरोसीन या संयुगाच्या द्रावणात व्होल्टेज पुढे-मागे फिरवून करंट मोजला की येणारा, बदकासारखा दिसणारा आलेख. आता हा आलेख मी रोज बघते, सकाळी इन्स्ट्रुमेंट चेक करायला पहिला तोच घेते. काढला, माऊसने काढल्यामुळे बदक जरा लंगडं आलं पण आलं. खाली व्होल्ट लिहिलं. सर म्हणाले, व्होल्ट, पण कशाच्या तुलनेत? मी गप्प. रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्ट मोजतात तो, लिहायचाच राहिला होता. दोन वर्षं रोज हाताने तो इलेक्ट्रोड धुऊन ठेवणारी मी!

मग स्कॅन रेट (व्होल्टेज फिरवायचा वेग) चौपट केला तर पीक करंट (आलेखाच्या शेंड्याचा करंट) किती होईल? मी झटकन म्हटलं चौपट. ते काहीच बोलले नाहीत, नुसते बघत बसले, आणि त्या शांततेतच माझं मला कळलं की स्क्वेअर रूट आहे, म्हणजे दुप्पट. लगेच पुढचा, मग खरोखर चौपट कधी येईल? हे मात्र आलं, रेणू द्रावणातून पसरत न येता इलेक्ट्रोडलाच चिकटलेले असतील तेव्हा. शेवटी विचारलं की दोन पीकमधलं अंतर तुम्ही ५९ मिलिव्होल्टच्या आसपास म्हणता आणि नर्न्स्टच्या समीकरणातही (व्होल्टेज आणि द्रावणाची तीव्रता यांचं नातं सांगणाऱ्या) ५९ येतो, तर हे दोन्ही एकाच वाटेने येतात का? मी आजवर तेच धरून चालले होते. पण तसं नाही, नर्न्स्टमधला ५९ हा नॅचरल लॉगचा १० च्या पायाचा लॉग करताना २.३०३ ने गुणल्यामुळे येतो आणि पीकमधलं अंतर डिफ्युजनचं (रेणू द्रावणातून पसरत येण्याचं) गणित सोडवून येतं, तेही स्कॅन कुठे उलटा फिरवला त्यावर थोडंसं हलतं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत हेच वाचत बसले.

आता तुम्ही म्हणाल हे लॅबमधले सीनियर फुकटात करतील की. करतात, माझ्याही चारदा घेतल्या, वर चहा पाजला. पण त्यांना माझं काम इतकं पाठ आहे की मी अडखळले की वाक्य तेच पुरं करतात, आणि रेफरन्स लिहिला नाही तरी त्यांच्या डोक्यात तो असतोच. अनोळखी माणूस तसं करत नाही, पैसे द्यायचे तर त्याच्यासाठी द्यावेत. परीक्षेत मी अक्ष काढतानाच आधी रेफरन्स लिहिला, आणि एका प्रश्नाला अडकले तेव्हा सॉरी सर सॉरी सर न करता मला इथपर्यंत कळतंय, पुढचं असं असावं, असं मोठ्याने बोलत गेले. ते पहिल्या मॉकचंच देणं.

दुसऱ्या मॉकला न कळवता माणूस बदलला. नवीन सर ऑरगॅनिक सिंथेसिसवाले, म्हणजे रसायनशास्त्रातल्याच वेगळ्या शाखेचे, त्यांची चूक नाही बिचाऱ्यांची, पण त्यांनी सरळ ती पीडीएफ समोर ठेवून प्रश्न वाचले. पीएचडी का करताय, पाच वर्षांनी कुठे असाल, तुमचा वीकनेस काय. अहो बँकेचा इंटरव्ह्यू आहे का हा? फीडबॅक फॉर्मवर कॉन्फिडन्स ९/१०, विषयाच्या रकान्यात "गुड". रेकॉर्डिंग ४८ तासांत देणार होते, ते आलं परीक्षा झाल्यावर तिसऱ्या दिवशी. तक्रार केली तर पैसे परत नाहीत, थीसिस एडिटिंगवर २० टक्के सूट म्हणे.

आणि हो, त्यानंतर "पेपर पब्लिकेशन सपोर्ट" साठी फोन सुरू होतात. तिथे पाय अजिबात ठेवू नका. यूजीसीने २०२२ च्या नियमांत थीसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढलीय, तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा वेगळा नियम असेल तर तो गाइडला विचारा, फोनवरच्या माणसाला नको.

घ्यायचीच असेल तर पॅकेज नको, एकच मॉक घ्या (सुटी १,४९९ ला मिळते, पण वेबसाइटवर पार खाली लपवलीय) आणि पैसे भरायच्या आधी समोर कोण बसणार, त्याचा विषय काय, हे लेखी मागून घ्या. माऊसने फळ्यावर काढत बसू नका, हात दुखतो. मी दुसऱ्या मॉकसाठी खास भावाचा टॅब आणि पेन मागून आणला होता, तर त्या तासाभरात फळा उघडायची वेळच आली नाही.