टीकेइंटर: विंडो एक, सेटिंगं चार घरी

"सूनबाई, अक्षरं आहेत का मुंग्या?" मामांचा पहिला शेरा हाच. बार्शीतल्या आमच्या कृषी सेवा केंद्रासाठी मी बिलाचा प्रोग्राम लिहिलाय. मी बी.कॉम., पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा घरीच शिकलेली. विंडोजवर पायथॉन टाकलं की टीकेइंटर, म्हणजे विंडो आणि बटणं बनवायचं साहित्य, सोबत येतं, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही, म्हणून तेच घेतलं. आठ महिने रोज वापरात आहे.

तर अक्षरं. चाळीसेक लेबलं आणि बटणं, प्रत्येकाचा फॉन्ट कुठे बदलत बसू? त्यावर टीकेइंटरकडे ऑप्शन_ॲड आहे. सुरुवातीलाच एका ओळीत सांगायचं, '*फॉन्ट' अमुक. मी 'निर्मला यूआय १६' (फॉन्टचं नाव आणि आकार) दिलं आणि उत्तर आलं, आकडा हवा होता, 'यूआय' मिळालं! नावात जागा असली की ते महिरपी कंसात घालावं लागतं, हे कळायला एक अख्खी दुपार गेली. शिवाय ही ओळ विजेट (लेबल, बटण असा विंडोतला एकेक भाग) तयार होण्याआधी यायला हवी. आधी झालेल्यांना ती लागूच होत नाही.

मग हौस म्हणून '*फोरग्राउंड', म्हणजे अक्षरांचा रंग, गडद हिरवा केला. अक्षरं हिरवी झाली, छान. पण गिऱ्हाइकाचं नाव माउसने निवडलं की मागची पट्टीही हिरवीगार! मी तर पट्टीला हातही लावला नव्हता. शेवटी त्या एन्ट्रीवर (नाव टाइप करायच्या चौकोनावर) नुसतं कॉन्फिगर() चालवलं, कंसात काही न देता. ते प्रत्येक ऑप्शनची कुंडलीच मांडतं: नाव, डेटाबेसमधलं नाव, वर्ग (म्हणजे ते कोणत्या गटात मोडतं), मूळ किंमत, आत्ताची किंमत. सिलेक्टबॅकग्राउंडच्या ओळीत वर्ग होता... फोरग्राउंड. म्हणजे मागच्या पट्टीचा रंग पुढच्या रंगाच्या खात्यात! लहान 'एफ'ने लिहिलं तर फक्त त्या नावाचं ऑप्शन बदलतं, मोठ्या 'एफ'ने अख्खा वर्ग. टीकेइंटरच्या पोटातलं टीके मुळात जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीत टीसीएल या भाषेसाठी केलं, आणि ही वर्गांची पद्धत पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या जुन्या एक्स विंडो प्रणालीकडून आलेली. वारसाहक्काने आलेली वस्तू, फेकता येत नाही. पण स्वतःची सगळी माहिती अशी उघडून दाखवतं, याचे मी पूर्ण गुण देते.

हे सगळं साध्या विजेटांपुरतं. टीटीके या टीकेइंटरमधल्याच नव्या संचाची विजेटं दिसायला नीटस, पण त्यांना 'बीजी' (मागचा रंग) दिलं की 'अननोन ऑप्शन' म्हणून दार बंद. तिथे स्टाइल वेगळी लावायची. मालाची यादी मी ट्रीव्ह्यूत, म्हणजे टीटीकेच्या तक्त्यात, ठेवलीय. स्टाइलमधून फॉन्ट वाढवला, पण ओळीची उंची होती तेवढीच राहिली, २० पिक्सेल. युरियाचा उकार कापला गेला आणि मामा मोठ्याने वाचताहेत, "यरिया?" रोहाइट, म्हणजे ओळीची उंची, ३६ केल्यावर उकार परत आला. इंग्रजी अक्षरं खालून थोडी कापली तरी वाचता येतात हो, आपलं तसं नाही. कॉम्बोबॉक्सची (यादीतून निवडायच्या चौकोनाची) तर गंमतच: वरचा चौकोन टीटीकेचा, पण खाली उघडणाऱ्या यादीचा फॉन्ट परत ऑप्शन_ॲडनेच बदलायचा.

आणि खुद्द विंडोचं काय? शीर्षक टायटल()ने, आकार जॉमेट्री()ने, कमीत कमी आकार मिनसाइझ()ने, सगळ्यांच्या वर ठेवायची तर ॲट्रिब्यूट्स()मध्ये 'टॉपमोस्ट'. कॉन्फिगरमध्ये रुंदी-उंची सोडली तर यातलं काहीच नाही. तहसील कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात, तसं.

जॉमेट्रीने माझी फजितीही केली, पण त्यात चूक माझीच. विंडो बंद करताना तिची जागा फाइलमध्ये जपायची मी सोय केली होती. घरी लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडलेला, विंडो त्यावर. फाइलमध्ये लिहिलं गेलं '+१९५०+४०'. प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून दुकानात नेला, सोबत ती फाइलही गेली. तिथला पडदा १३६६ रुंदीचा. खाली पट्टीवर चिन्ह दिसतंय, विंडोचा पत्ता नाही. रांगेत चार शेतकरी, आणि मामांनी शांतपणे कार्बन घालून जुनं बिलबुक काढलं. आता उघडताना मी पडद्याची रुंदी विचारून घेते. आकडा त्याबाहेरचा असला तर फाइल बाजूला ठेवते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या उकारासाठी कापला, एक या दारोदार फिरण्यासाठी. छोट्या दुकानाचा प्रोग्राम स्वतः लिहिणार असाल तर बिनधास्त घ्या, फक्त पहिल्याच दिवशी कॉन्फिगर() चालवून यादी छापून भिंतीला लावा. माझी बिलाच्या प्रिंटरवर छापलीय, हातभर लांब पट्टी झालीय, आणि मामा तिच्या पाठीमागे उधारी लिहितात.