नागपूरच्या होमस्टेमध्ये गाडीचा चार्जर: तीन ऋतूंच्या वापरानंतर

बेसा परिसरातल्या आमच्या घराचा तळमजला आम्ही पर्यटकांना मुक्कामासाठी देतो. गेल्या हिवाळ्यात पोर्चमध्ये इलेक्ट्रिक गाडीसाठी ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवला. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असे तिन्ही ऋतू तो वापरून झालाय. रामटेक, पेंचच्या बाजूला होमस्टे चालवणारे ओळखीचे लोक भेटले की हमखास विचारतात, आम्हीही बसवावा का? चार्जिंगची सोय कराच, त्यात दुमत नको. भिंतीवरचा मोठा चार्जर मात्र प्रत्येकाला लागतोच असं नाही. आणि पैसे घालायची वेळ येईल तेव्हा आधी अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत सोडणारी जोडणी), मग वायर, मग मीटर आणि सगळ्यात शेवटी चार्जर, हा क्रम धरा.

आमच्याकडे ही गरज समृद्धी महामार्गाने आणली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर. तेव्हापासून संभाजीनगर, नाशिक, मुंबईचे पाहुणे स्वतःची गाडी घेऊन यायला लागले. या रस्त्यावर कारला ताशी १२० ची मुभा आहे आणि इलेक्ट्रिक गाडीचा कस तिथेच लागतो. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे शहरात एका चार्जमध्ये जेवढं अंतर कापते, त्याच्यापेक्षा बरंच कमी ती महामार्गावर कापते. पाहुणे महामार्गाच्या नागपूरकडच्या टोकाला, शिवमडक्याला उतरून आमच्या दारात येतात तेव्हा बॅटरी दहा-पंधरा टक्क्यांवर आलेली असते, आणि पहाटे त्यांना पेंचचं सिल्लारी गेट गाठायचं असतं.

चार्जर नव्हता तेव्हा लोक खिडकीतून एक्स्टेंशन ओढून गाडीसोबतचा पोर्टेबल चार्जर कूलरच्या बोर्डात खोचायचे. एका रात्री मी त्या प्लगला हात लावला तर चटका बसला. पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालं होतं. गिझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी मात्र आठ-दहा तास सलग जोरात करंट ओढत राहते. घरातलं साधं सॉकेट आणि भिंतीतली जुनी वायर त्यासाठी केलेलीच नसते. तुम्ही सोय करा न करा, दमून आलेला पाहुणा गाडी कुठे ना कुठे लावणारच. मग ती सुरक्षित जागी लागलेली बरी.

म्हणून आम्ही सगळ्यात आधी झाकण असलेलं निळं, १६ अँपियरचं इंडस्ट्रियल सॉकेट लावलं. मेन बोर्डापासून तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतःचा एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारा स्विच). चार्जरच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

आता वेळेचा हिशेब. ४५ किलोवॅट-तासांची बॅटरी १५ टक्क्यांवरून पूर्ण भरायची तर आत ३८ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) जायला हवेत. थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर ४२-४३ पडतात. सॉकेटवरून ३.३ किलोवॅटने याला तेरा तास लागतात, ७.२ ने सहा. संध्याकाळी सातला येऊन सकाळी पोहे-तर्री खाऊन निघणाऱ्याला सॉकेट पुरतं. रात्री दहाला येऊन पहाटे चारला निघणाऱ्याला पुरत नाही. आमच्याकडे सफारीवाले जास्त, म्हणून आम्ही चार्जर घेतला. ज्यांच्याकडे लग्नाचे, दीक्षाभूमीला आलेले किंवा अधिवेशनाच्या कामाचे लोक दोन-तीन मुक्काम करतात, त्यांनी सॉकेटवर थांबावं. शिवाय टियागो, कॉमेटसारख्या गाड्यांची बरीच मॉडेलं एसी चार्जिंगवर, म्हणजे घरच्या विजेवरच्या साध्या चार्जिंगवर, ३.३ किलोवॅटच्या वर घेतच नाहीत. त्यांना मोठा चार्जर लावून एक मिनिटही वाचत नाही.

अर्थिंगबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक अडचणी तिथूनच निघाल्या. हिवाळाभर चार्जर बिनतक्रार चालला. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि एका संध्याकाळी गाडी लावली की लाल दिवा लागायला लागला. पाहुण्यांना वाटलं गाडी बिघडली. विकणाऱ्याच्या माणसाने फोनवरच सांगितलं, बोर्ड बदलावा लागेल. आमच्या वायरमनने चार्जर उघडलासुद्धा नाही. मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थला लावला, आकडा बघितला आणि म्हणाला, "भाऊ, खड्डा कोरडा पडला तुमचा. दोन बादल्या पाणी आणा." पाणी मुरल्यावर आकडा झरझर उतरला आणि दिवा हिरवा झाला. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, खड्ड्यात पुरलेल्या इलेक्ट्रोडला (धातूच्या दांड्याला) सोडते आणि अर्थचा रोध वाढतो. पंखा-कूलरला त्याचा पत्ताही लागत नाही. गाडी मात्र आधी अर्थ तपासते आणि तो नीट नसेल तर चार्जिंग घेतच नाही, जे योग्यच आहे. त्यानंतर आम्ही बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) भरून नवीन केमिकल अर्थिंग केलं. बेंटोनाइट ओलावा धरून ठेवतं. तरी एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत दर आठवड्याला खड्ड्यात पाणी घालतोच. न्यूट्रल-अर्थमधला फरक दोन-तीन व्होल्टच्या आत राहिला की निर्धास्त. तुमच्या वायरमनकडून हा आकडा चार्जर विकत घ्यायच्या आधी काढून घ्या.

त्याच बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवा आणि तो 'ए' टाइपचा हवा. दुकानात सहसा मिळणारा 'एसी' टाइप गाडीच्या चार्जिंगला चालत नाही, कारण गळतीच्या करंटमध्ये डीसीचा अंश असला की त्याचा भरवसा राहत नाही. वीज कडाडायला लागली की आम्ही एमसीबी खाली करतो. व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर आहे, तरीही.

७.२ किलोवॅट म्हणजे ३२ अँपियर. सिंगल फेजवर हा चार्जर आणि दोन एअर कंडिशनर एकदम चालणार नाहीत. आम्ही मंजूर भार (वीज कंपनीने ठरवून दिलेली वापराची मर्यादा) वाढवून थ्री फेज करून घेतलं. अर्ज, नवीन मीटर, केबल यात वेळ जातो, म्हणून हंगामाच्या तोंडावर हे काम काढू नका.

पैशांचं म्हणाल तर फुकट चार्जिंग देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. घरगुती बिलात स्लॅब आहेत. एका गाडीचे चाळीस युनिट, अशा चार-पाच गाड्या महिन्यात आल्या की तुमची घरची वीजसुद्धा वरच्या दरात जाते. आम्ही चार्जरला सबमीटर लावलाय, पाहुण्यांसमोर आकडा बघतो आणि वरच्या स्लॅबच्या दराने पैसे घेतो. आजवर कोणी नाराज झालं नाही. उलट महामार्गावरच्या फास्ट चार्जरपेक्षा स्वस्त पडतं, हे तेच बोलून दाखवतात. गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, त्याला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. २०२४ च्या नियमांनुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. पण तिचा स्थिर आकार दर महिन्याला भरावा लागतो, आणि जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा कोअर भाग बंद असताना आमच्याकडे गाड्या जवळपास येतच नाहीत. रोज गाडी येत असेल तरच तो विचार करा.

चार्जरची जागा ठरवताना केबलची लांबी मोजा. एमजीच्या झेडएस, कॉमेट या गाड्यांचं चार्जिंगचं तोंड पुढे नाकावर असतं, नेक्सॉनचं मागच्या बाजूला. आम्ही तो पोर्चच्या भिंतीवर मधोमध लावला, त्यामुळे गाडी कशीही उभी केली तरी केबल पोचते. पश्चिमेची भिंत टाळली. दुपारच्या उन्हात तापलेला चार्जर स्वतःहून करंट कमी करतो.

बुकिंगच्या पानावर नुसतं 'ईव्ही चार्जिंग उपलब्ध' लिहिलं की निम्मे लोक फास्ट चार्जर समजतात. आम्ही 'टाइप २, ७.२ किलोवॅट, रात्रभरात पूर्ण, युनिटप्रमाणे पैसे' असं लिहितो (टाइप २ म्हणजे गाडीत लागणाऱ्या प्लगचा प्रकार) आणि येणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून पोचायची वेळ विचारतो. सध्याची अडचण एवढीच, की पेंचला जाणारी दोन कुटुंबं हल्ली दोन इलेक्ट्रिक गाड्या घेऊन एकत्र येतात. एक चार्जरवर, दुसरी निळ्या सॉकेटवर लागते आणि वरच्या मजल्यावर एसी सुरू असेल तर भार काठावर येतो. पुढच्या हंगामाआधी तिसऱ्या फेजवर आणखी एक १६ अँपियरचं सॉकेट काढायचं ठरवलंय. दुसरा चार्जर घेणार नाही.