ब्लेड आधी की डॉक्टर स्ट्रेंज?

भाच्याने विचारलं, "मामा, व्हँपायरचं कॉमिक कुठून सुरू करू?" आम्ही सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खात होतो. रात्रीचे साडेअकरा, इंदूर टक्क जागं. व्हँपायरला इथे एकटं सावज मिळणं अवघडच!

अमेरिकी कॉमिक्सच्या आचारसंहितेने व्हँपायरवरची बंदी 1971 मध्ये उठवली. त्यानंतर, 1973 मध्ये, मार्व्हलच्या ड्रॅक्युला मालिकेत ब्लेड हा व्हँपायरांचा शिकारी आला. बाळंतपणातच त्याच्या आईला व्हँपायर चावला, म्हणून त्याला व्हँपायरच्या चाव्याची बाधा होत नाही. हातात लाकडी सुरे, डोक्यात सूड. कथा सरळ, वेग भरपूर. जीन कोलनच्या चित्रांतला अंधार तर बघतच राहावा.

मार्व्हलचाच जादूगार डॉक्टर स्ट्रेंज, त्याची 1983 ची कथा मात्र एका वस्तूभोवती फिरते. डार्कहोल्ड हा काळ्या विद्येचा ग्रंथ. जगातले सगळे व्हँपायर एका फटक्यात संपवणारा मंत्र त्यात आहे, त्यामुळे ड्रॅक्युलाही त्याच्या मागे. इथे पळापळीपेक्षा पेच मोठा, कारण हॅनिबल किंग हा स्ट्रेंजचा सोबतीच व्हँपायर आहे. मंत्र म्हटला तर त्याचं काय? त्याने माणसाला चावून रक्त कधीच प्यायलेलं नसतं, आणि तिथेच सगळी गंमत आहे. (शेवट भाच्याला सांगितला नाही.)

मला दुसरी जास्त आवडते. पण तिच्यात ब्लेडही आहे, आणि त्याची ओळख नसेल तर निम्मी मजा जाते. म्हणून भाच्याला म्हटलं, ब्लेड आधी. तो तोवर जोशींच्या दहीवड्याकडे निघाला होता.