नाशिकरोडहून रेल्वेने एका दिवसाच्या सहली: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैत बाबांनी गाडी चालवणं सोडलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि घाटात, हायवेवर समोरच्या दिव्यांचा त्रास व्हायचा. तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार आई, बाबा आणि मी सकाळी नाशिकरोडहून रेल्वेने निघतो आणि रात्री घरी परततो. मार्चपर्यंत अशा १४ सहली झाल्या. ठिकाणांची माहिती कुठेही मिळते. मला सांगायचंय ते ठिकाण निवडावं कसं, याबद्दल. आधी परतीची गाडी बघा, मग ठिकाण ठरवा. पहिले काही महिने आम्ही उलटं करत होतो.

आपल्या मार्गावरच्या सोयीच्या गाड्या मुंबईला कामाला जाणाऱ्यांच्या वेळेवर बेतलेल्या आहेत. पंचवटी एक्सप्रेस पहाटे सहाच्या सुमारास मनमाडहून निघते, सातच्या आसपास नाशिकरोडला येते आणि अकराच्या आत सीएसएमटी गाठते. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास तीच परत निघते. इगतपुरी असो, कल्याण असो की थेट मुंबई, त्या बाजूचा दिवस आपोआप बसतो. मनमाडच्या बाजूला जायचं झालं की गणित बदलतं. जाताना मुंबईहून आलेली लांब पल्ल्याची गाडी, येताना उत्तरेकडून आलेली.

हे आम्हाला डिसेंबरात कळलं. अंकाई-टंकाईला गेलो होतो. मनमाडला उतरून रिक्षाने अंकाई गाव, तिथून पायऱ्यांनी जैन लेणी. बाबा लेण्यांच्या ओट्यावर बसले, मी गडावर चढले. वरून रेल्वेचे रूळ एखाद्या नकाशासारखे दिसतात: मनमाडकडून आलेली लाइन गडाच्या पायथ्याशी फुटते, एक फाटा दौंडकडे, दुसरा संभाजीनगरकडे. एक मालगाडी वळण घेत होती, तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी उभी होते. एवढा सुंदर दिवस, आणि पाचच्या गाडीला म्हणून मनमाडला आलो तर गाडी साडेतीन तास लेट. धुकं कानपूर-प्रयागराजकडे पडलेलं आणि थंडीत बसलो आम्ही मनमाडच्या प्लॅटफॉर्मवर. गाडी आली तेव्हा जनरल डब्याच्या दारातच माणसं लोंबत होती. आई नाशिकरोडपर्यंत आपल्याच बॅगेवर बसून आली. ती काही बोलली नाही, पण मला फार लागलं.

तेव्हापासून नियम केलाय. डिसेंबर-जानेवारीत मनमाडच्या बाजूला जाताना रेल्वे, येताना चांदवडमार्गे एसटी. एरवीही शक्यतो अशी जागा निवडायची, जिथून परतीची गाडी सुटते. मधल्या स्टेशनवर आपण गाडीची वाट बघतो, सुटण्याच्या स्टेशनवर ती आपली वाट बघते. मुंबईची सहल लांब असूनही आई-बाबांना सगळ्यात कमी दमवते ती यामुळेच. संध्याकाळी सीएसएमटीला आपली आरक्षित जागा शोधून बसलं की झालं. दिवसाचे सात तास हातात मिळतात. आम्ही एका वेळी एकच ठिकाण घेतो: एकदा राणीचा बाग, एकदा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.

जाताना उजेडात कसारा घाट दिसतो, तो मी दर वेळी दारापाशी उभी राहून बघते. येताना कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, कारण चढ ३७ फुटांना १ फूट आहे. हलकासा धक्का बसतो. पासधारकांना त्याची इतकी सवय की पत्त्यांचा डाव थांबत नाही. बाबा मात्र घड्याळ बघतात आणि म्हणतात, "लागलं इंजिन."

पावसाळ्यासाठी इगतपुरीला तोड नाही. तासाभराचा प्रवास, आणि स्टेशनबाहेर पडलं की ढग अंगावर येतात. श्रावणात तीनदा गेलो. गाडी चुकली तरी नाशिकची बस मिळते, ही मोठी निश्चिंती.

नांदूर मधमेश्वरसाठी निफाडला उतरलो, तिथून रिक्षा ठरवली. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आलं, राज्यातलं पहिलं. पण पक्षी बघायचे ते सकाळी, आणि रेल्वेने पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं. आम्हाला वारकरी पक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या भरपूर दिसल्या, बाकी सगळं लांब, पाण्याच्या चकाकीत. इथे रेल्वेचा हट्ट सोडा, पहाटे गाडी करून जा.

येवल्याची सहल आईसाठी केली. मनमाडहून एसटीने तासाभरात पोचतो. एका घरात पैठणीचा माग चालू होता. विणणाऱ्या ताईंनी आईच्या हातात पदराची मागची बाजू दिली. पुढून जसा मोर, तसाच मागून, एकही धागा लोंबत नाही. हातमागाची खरी पैठणी ओळखायची ती अशी. आई अर्धा तास नुसती बघत बसली.

शिर्डीला वंदे भारत सकाळी नऊच्या सुमारास नाशिकरोडहून मिळते आणि संध्याकाळी शिर्डीहूनच सुटते, म्हणून आमच्या नियमात बसते. मनमाडवरून वळसा आहे, सिन्नरमार्गे बस लवकर पोचवते. पण बाबांच्या पाठीला रेल्वेच बरी.

संभाजीनगर आणि वेरूळ एका दिवसात रेल्वेने करू नका. तपोवन एक्सप्रेस दुपारी एकच्या आसपास संभाजीनगरला पोचवते आणि परतीची तपोवन दोन तासांच्या आत निघते. तेवढ्यात वेरूळ बघून परतणं होत नाही. मुक्काम करा.

दोन बारीक गोष्टी. मोबाइलवर जनरल तिकीट काढायचं तर स्टेशनच्या आवारात शिरायच्या आधी काढा, आत गेल्यावर स्टेशनवरचा क्यूआर कोड स्कॅन केल्याशिवाय निघत नाही. सुपरफास्टला जायचं असेल तर तिकीटही सुपरफास्टचंच काढा. आणि शहरात राहणाऱ्यांनी घर ते स्टेशन हा प्रवास हिशेबात धरा. आम्ही नाशिकमधल्या मालेगाव स्टँडजवळ राहतो, नाशिकरोड तिथून जवळपास १० किलोमीटर. रात्री दहाला बस मिळेल या भरवशावर राहू नका. आमचे एक रिक्षावाले काका ठरलेले आहेत. देवळाली मागे गेलं की आई त्यांना फोन लावते.