गाडी ऑइल खात असेल तर: ऑइल कन्झम्प्शन टेस्टचे परीक्षण

दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये इंजिन ऑइलची पातळी वारंवार खाली जाऊ लागली की गॅरेजमध्ये सहसा दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे 'थोडे घालत राहा', आणि दुसरे म्हणजे 'इंजिन उघडावे लागेल'. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी सेवा असते, ती म्हणजे ऑइल कन्झम्प्शन टेस्ट. गाडी नेमके किती ऑइल खाते हे ठरावीक अंतर चालवून, आधी आणि नंतर मोजून ठरवणे, एवढेच तिचे स्वरूप आहे. एक लाख किलोमीटरहून अधिक चाललेल्या माझ्या पेट्रोल गाडीसाठी मी ही सेवा घेतली आणि तिच्या निष्कर्षावरून पुढचे कामही त्याच गॅरेजकडून करून घेतले. हे परीक्षण त्या दोन्हींविषयी आहे.

ही टेस्ट चांगली झाली की नाही, हे जवळजवळ पूर्णपणे मोजण्याच्या पद्धतीवर ठरते. काही ठिकाणी डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी पाहण्याच्या खुणांच्या पट्टीवर, ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून गाडी सोपवली जाते आणि परत आल्यावर पुन्हा डिपस्टिकच पाहिली जाते. गाडी किंचित उतारावर उभी असली किंवा इंजिन बंद केल्यानंतर ऑइल खाली उतरण्यास पाच-दहा मिनिटे दिली नाहीत, तर या पद्धतीत मोठी चूक होऊ शकते, कारण बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमधले अंतर सुमारे एका लिटराचेच असते. या गॅरेजने ऑइल वजन करून भरले, नवा फिल्टर बसवण्यापूर्वी तोही तोलला, ड्रेन प्लग, फिल्टर आणि डिपस्टिक यांना सील लावले, आणि १५०० किलोमीटरनंतर इंजिन गरम असतानाच, पहिल्या वेळेइतकाच वेळ निथळू देऊन, सगळे ऑइल काढून पुन्हा तोलले. निथळण्याचा वेळ सारखा ठेवणे ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु इंजिनाच्या आत चिकटून राहणारे ऑइल दोन्ही वेळा सारखेच राहावे, यासाठी ती आवश्यक असते.

आणखी एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली, आणि तिच्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. गाडी केवळ जवळच्या फेऱ्यांसाठी वापरली तर इंजिन पुरेसे तापत नाही, न जळालेले पेट्रोल पिस्टनवरच्या रिंगांच्या बाजूने उतरून ऑइलमध्ये मिसळते आणि डिपस्टिकवरची पातळी टिकून असल्याचा भास होतो. पुढे एखाद्या लांबच्या प्रवासात ते पेट्रोल उडून गेले की पातळी अचानक घसरते आणि मालकाला वाटते की त्या एका प्रवासातच गाडीने ऑइल प्यायले. म्हणून टेस्टच्या अंतरात लांबचा, सलग प्रवास असलाच पाहिजे, अशी त्यांची अट होती.

तूट सुमारे ७६० ग्रॅम निघाली. इंजिन ऑइलची घनता लिटरला साधारण ०.८५ किलो धरली तर ही तूट ०.९ लिटर होते, म्हणजे दर १००० किलोमीटरला ०.६ लिटर. अहवालात या आकड्यापुढे 'मर्यादेत' असे लिहिले होते, आणि माझा पहिला आक्षेप त्या शब्दाला आहे. अनेक उत्पादक आपल्या पुस्तिकेत १००० किलोमीटरला १ लिटरपर्यंतचा वापर स्वीकारार्ह मानतात, हे खरे आहे. पण माझ्या इंजिनात एकूण ऑइल बसते ४.२ लिटर, आणि सर्व्हिसिंग १०,००० किलोमीटरला असते. ०.६ लिटरच्या गतीने दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान ६ लिटर ऑइल जळते, म्हणजे इंजिनात जेवढे मावते त्याच्या जवळजवळ दीडपट. ही मर्यादा वॉरंटीचा दावा कुठे मान्य करायचा हे ठरवण्यासाठी आहे, इंजिन निरोगी आहे की नाही हे सांगण्यासाठी नव्हे, आणि ग्राहकाच्या हाती देण्याच्या कागदावर हा फरक लिहिला पाहिजे. शिवाय डॅशबोर्डवरचा लाल दिवा अनेक गाड्यांत ऑइलची पातळी नव्हे तर दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा पंप बहुधा हवा ओढू लागलेला असतो आणि बेअरिंगांचे नुकसान सुरू झालेले असते. त्यामुळे 'मर्यादेत' हा शब्द वाचून निश्चिंत झालेला मालक सर्वाधिक धोक्यात असतो.

टेस्ट आकडा देते, कारण देत नाही. कारण शोधण्याचे काम वेगळे, आणि ते या गॅरेजने क्रमाने केले. आधी बाहेरची गळती तपासली: व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट, फिल्टरचे बूड, क्रँकशाफ्टचे मागचे सील. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) वाफ बेताने इनटेककडे (हवा आत घेण्याच्या मार्गाकडे) सोडणारी झडप, जो अडकला तर ती वाफ ऑइलसह थेट इनटेकमध्ये ओढली जाऊ शकते आणि ज्याची दुरुस्ती बाकी सर्व उपायांपेक्षा सोपी असते. हा व्हॉल्व्ह न तपासता इंजिन उघडण्याची भाषा करणाऱ्या मेकॅनिकपासून दूरच राहावे, असे माझे मत आहे. दोन्ही ठिकाणी दोष सापडला नाही.

त्यानंतरचा कॉम्प्रेशन टेस्टचा, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात हे मोजण्याचा, भाग मला सर्वांत उद्बोधक वाटला. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन उत्तम आणि एकसारखे आले, तेव्हा 'रिंगा चांगल्या आहेत' असा निष्कर्ष मी काढला असता आणि बरीच गॅरेजेसही तोच काढतात. प्रत्यक्षात प्रत्येक पिस्टनवर साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात आणि खालची ऑइल कंट्रोल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे जास्तीचे ऑइल खरवडून परत खाली पाठवते. तिच्या खाचेतली बारीक छिद्रे कार्बनने बुजली किंवा ती रिंगच खाचेत चिकटली, तर कॉम्प्रेशनला धक्का न लागता ऑइल वर चढत राहते. बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीवरचा कॅमेरा, आत सोडल्यावर दोन पिस्टनांच्या माथ्यावर कडेने ऑइलने धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला आणि मधल्या भागात कार्बनचा जाड थर. व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणारे रबरी सील) गेले असते तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना किंवा बराच वेळ आयडलवर राहून निघताना निळसर धुराचा लोट दिसण्याची शक्यता अधिक होती. माझ्या गाडीचा धूर कधीच दिसला नव्हता, पण तोही काही पुरावा नव्हे, कारण एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला असेल तर तो थोडे ऑइल निमूटपणे जाळून टाकतो आणि त्याची किंमत स्वतः मोजतो: ऑइलमधल्या झिंकयुक्त घटकातला फॉस्फरस हळूहळू त्याच्यावर बसत जातो.

उपाय म्हणून त्यांनी इंजिन न उघडता पिस्टन भिजवण्याचा मार्ग सुचवला. स्पार्क प्लगच्या छिद्रांतून कार्बन सैल करणारे द्रावण सिलिंडरमध्ये सोडून ते रात्रभर ठेवायचे, नंतर प्लग काढलेल्या अवस्थेतच इंजिन स्टार्टरने फिरवून उरलेले द्रव बाहेर फेकायचे आणि ऑइल व फिल्टर लगेच बदलायचे. प्लग लावून इंजिन फिरवले तर न दबणाऱ्या द्रवामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, म्हणून हे काम घरी करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. ऑइलमध्ये ओतून काही मिनिटे इंजिन चालवायच्या फ्लशबद्दल त्यांचे मत प्रतिकूल होते आणि मला ते पटले: जुन्या इंजिनातला गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकू शकतो.

भिजवण्यानंतर केलेल्या दुसऱ्या मोजणीत वापर १००० किलोमीटरला ०.३५ लिटरवर आला. हे अर्धे यश आहे, आणि गॅरेजने ते तसेच मांडले, याचे मला समाधान आहे. झिजलेली रिंग किंवा सिलिंडरवरचे ओरखडे कोणतेही द्रावण भरून काढू शकत नाही. टोयोटाच्या २.४ लिटर '२एझेड-एफई' इंजिनाच्या ऑइल खाण्याच्या तक्रारींवर शेवटी पिस्टन आणि रिंगाच बदलून द्याव्या लागल्या होत्या.

माझा दुसरा आक्षेप ऑइलच्या निवडीबाबत आहे. काउंटरवरच्या माणसाने जाड ग्रेडचे ऑइल घालण्याचा आग्रह धरला, तो मात्र पुरेशा विचाराने केलेला नव्हता. पुस्तिकेत परवानगी असेल तेथे ०डब्ल्यू-२० या पातळ ग्रेडऐवजी थोडे जाड ५डब्ल्यू-३० वापरल्याने वापर थोडा कमी होऊ शकतो, परंतु त्याच ग्रेडमध्ये कमी बाष्पीभवन होणारे ऑइल शोधणे हा आधीचा पर्याय असायला हवा. नोअ‍ॅक चाचणीत ऑइल एक तास २५० अंश सेल्सिअसला तापवून वजनातली घट मोजतात. आयएलएसएसी जीएफ-६ या मानकात ती १५ टक्क्यांपर्यंत चालते, तर एसीईए सी३ या युरोपीय मानकात १३ टक्क्यांपर्यंतच. 'हाय मायलेज' म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑइलमधले घटक कडक झालेली रबरी सील थोडी फुगवून मऊ करतात, त्यामुळे गळतीत आणि व्हॉल्व्ह सीलच्या दोषात त्यांचा उपयोग होऊ शकतो; माझ्यासारख्या रिंगांच्या दोषात त्या घटकांकडून फार आशा ठेवता येत नाही.

मोजणीच्या कामाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, कारणाच्या शोधाला पाच आणि लेखी अहवालाला दोन. अहवालात केवळ अंतिम आकडा आणि 'मर्यादेत' हा शब्द होता. भरताना व काढतानाची वजने, फिल्टरचे वजन आणि बोअरस्कोपची छायाचित्रे मागितल्यावरच मिळाली. ती मागून घ्यावीत, कारण उद्या वॉरंटीचा किंवा गाडी विकण्याचा प्रश्न आला तर उपयोगी पडतील ती हीच कागदपत्रे.